ब्रेकबाईंचा नवा क्लच

शहरातल्या कितीतरी बायका गाडी चालवायला ब्रेकबाईंकडे शिकल्या. हे नाव त्यांच्याच कुण्या विद्यार्थिनीने ठेवलेलं. समोर काही आडवं आलं, की शिकणारीचा पाय हलायच्या आत शेजारी बसलेल्या बाईंचा पाय पडलेला असायचा आणि गाडी जागच्या जागी उभी. बाईंच्या पायाशीही एक ब्रेक आणि एक क्लच होता ना! नाव कानावर आलं तेव्हा बाई आधी रागावल्या, मग हसल्या, आणि पुढे फोनवरसुद्धा "हो, ब्रेकबाईच बोलतेय" म्हणायला लागल्या.

त्या सकाळी भाजी घेऊन येताना चढावर गाडी नुसतीच ओरडायला लागली. इंजिनचा आवाज टिपेला, पण गाडी काही पुढे सरकेना. बाईंनी ओळखलं, क्लच प्लेट झिजली. कशीबशी, सपाट रस्ता धरून त्यांनी गाडी मिस्त्रींच्या गॅरेजला नेली.

मिस्त्री खालून डोकं बाहेर काढत म्हणाले, "बाई, प्लेटचा नुसता कागद झालाय. बोला, कंपनीची आणताय की बाजारातली घालू?"

या बाबतीत बाईंचे नियम ठरलेले होते. आरसे, दिवे, बंपर यांच्यावर शिकाऊ मंडळी रोजच हात साफ करणार. ते कंपनीचं आणलं तर दिवाळंच निघायचं, म्हणून ते बाजारातलं. ब्रेकचं सामान मात्र शोरूममधलंच. आणि क्लचही. कारण बाजारातला क्लच कडक लागतो. कडक क्लचवर नवख्या बाईचा पाय थरथरतो, आणि पाय थरथरला की तिचा धीरच सुटतो.

"कंपनीचीच आणते," बाई म्हणाल्या.

शोरूमला जायचं म्हणून जावई सोबत आले. बाई बऱ्याच वर्षांनी तिथे पाऊल टाकत होत्या. पूर्वी तिथे एक लाकडी काउंटर होता आणि त्यामागे कानावर पेन्सिल खोचलेले काका. गाडीचं नाव सांगायचा अवकाश, ते मागे न बघता फळीवर हात घालायचे आणि नेमका डबा काढायचे. "आज कुणी ठोकली?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. आता सगळीकडे काच, गुबगुबीत सोफे आणि टोकन नंबर. काका कधी निवृत्त झाले, तेही कुणाला सांगता येईना.

काउंटरवरच्या मुलीने अदबीने सांगितलं, "मॅडम, या मॉडेलचं सामान कंपनीने बंद केलंय. दुसऱ्या गोदामात एक शेवटचा सेट दिसतोय, मागवते. पण तो बाहेर देत नाही, इथेच बसवून घ्यावा लागेल."

"बसवा की," बाई खूश झाल्या.

पण मिस्त्रींकडची गाडी टो करून शोरूमला आणल्यावर ती बघायला आलेल्या सुपरवायझरने दार उघडलं आणि तो थबकला. "हे दुसरे पेडल कुठून आले? हे कंपनीचं फिटिंग नाही. क्लचच्या तारेलाच जोडलंय. हे काढल्याशिवाय आम्हाला हात लावता येणार नाही, मॅडम. उद्या काही झालं तर जबाबदारी आमच्यावर येते."

त्याचंही काही चुकत नव्हतं. जावई लगेच म्हणाले, "काढूनच टाकू ना, आई. आता तुम्ही कुठे शिकवता? आणि मलाही जरा पाय पसरून बसता येईल!"

"विचार करून सांगते," म्हणत बाई शेजारच्या सीटवर जाऊन बसल्या. सवयीने गुडघे दुमडून. ते पेडल मुळात त्यांच्या मापाचे नव्हतेच. ते होते त्यांच्या सासऱ्यांच्या मापाचे.

गाडीही सासऱ्यांचीच. सुनेला शिकवायची हौस दांडगी, पण जीव घाबरा. पहिल्याच दिवशी सूनबाईंनी गाडी कुंपणात घातली. तेव्हा त्यांनी थेट लोखंडी फाटकं बनवणाऱ्या वेल्डरला गाठलं. तो गाडीत आडवा पडून खडूने खुणा करत होता आणि सासरे आपला आखूड पाय लांब करून त्याला माप देत होते. गज, बिजागऱ्या, दोन पत्रे. झालं! घरी येऊन सासरे म्हणाले, "सूनबाई, आता बिनधास्त चालव. मी आहे." कुणी "मी आहे" म्हटलं की हात किती हलके होतात, हे बाईंना त्या दिवशी कळलं. पुढे सासरे गेले, बाई त्यांच्या जागी बसल्या आणि तेच शब्द पुढची सगळी वर्षं म्हणत राहिल्या.

खाली उतरून त्या जावयांना म्हणाल्या, "चला. मिस्त्रींकडे."

"अहो, पण शेवटचा ओरिजिनल सेट..."

"असू दे. कुणाच्या तरी कामाला येईल."

मिस्त्रींनी बाजारातल्या तीन प्लेटी पुढ्यात मांडल्या. बाईंनी एकेक हातात घेऊन बघितली. मिस्त्रींनी मधल्या प्लेटीवर बोट ठेवलं. "ही टिकेल. पण सुरुवातीला पायाला घाम फोडेल."

"फोडू दे."

आठवड्याभरात विहीणबाईंचा फोन आला. एरवी त्या सणासुदीच्या सुरात बोलायच्या, आज आवाज दबका होता. "विहीणबाई, तुम्ही ते पेडल ठेवलेत म्हणे? आमचा चिरंजीव घरी येऊन कुरकुरत होता."

"हो, ठेवले."

"मग मला शिकवाल? हे असताना राहून गेलं. मात्र त्याला सांगू नका हं, उगाच हसेल."

विहीणबाई साठी ओलांडलेल्या. पहिल्या दिवशी गाडी इतक्या वेळा बंद पडली की शेवटी दोघी हसत सुटल्या. कपाळ पुसत विहीणबाई म्हणाल्या, "तुमचा हा क्लच अगदी माझ्या सासूबाईंसारखा आहे. दाबला तर दबत नाही, आणि जरा सोडला की अंगावर येतो!"

"दबेल हळूहळू. तुम्ही चालवा, मी आहे."

क्लच मऊ झाला, की विहीणबाईंचा पाय तयार झाला, कुणास ठाऊक. लायसन्स हातात पडल्यावर त्यांनी ते मुलाच्या ताटाशेजारी ठेवलं, तेव्हा जावयांचा घास हातातच राहिला.

त्यानंतरच्या रविवारी विहीणबाई बाईंना तळ्यापर्यंत फिरवायला घेऊन गेल्या. ऊन कोवळं होतं, रस्ता मोकळा. विहीणबाई रस्त्यावरची नजर न काढता माहेरच्या गोष्टी सांगत होत्या. बऱ्याच वेळाने त्यांच्या लक्षात आलं, की शेजारून हुंकार येत नाहीय. त्यांनी हळूच बघितलं. ब्रेकबाईंची मान खिडकीला टेकली होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना चालत्या गाडीत झोप लागली होती.

विहीणबाईंनी वेग थोडा कमी केला आणि परतायचं वळण मुद्दाम सोडून दिलं.