डोंग्याचं डांबर

ही गोष्ट मी घरच्यांनाही कधी सांगितली नाही. आज दारासमोरच्या रस्त्यावर डांबर ओतलं, त्याचा वास आला आणि मी थेट वैनगंगेच्या काठावर जाऊन पोहोचलो.

स्वातंत्र्याला दहाएक वर्षं झाली असतील. पलीकडच्या सरकारी रानात चितळ मारायचा बेत होता. परवाना मामांच्या खिशात, डोंगा नावाडी गोविंदाचा. तो डोंग्याच्या चिरेत गरम डांबर भरत होता आणि आम्ही काठावर बसून न मारलेल्या चितळाचे वाटे पाडत होतो.

"मागची टांग माही," मामा म्हणाले.

"अन् डोंगा काय तुमची टांग वल्हवते जी?" गोविंदाने विचारलं.

मला मटणाची नव्हे, पाण्याची काळजी होती. पोहता येत नव्हतं, आणि सकाळपासून मामांची बंदूक खांद्यावर मिरवल्यावर ते सांगायचं कसं? सारे जेवायला गेले, तेव्हा मी ओलं डांबर काडीने उकरून काढलं आणि वर चिखल थापला.

दुपारी मामा आधी डोंग्यात बसले आणि काठाशीच, गुडघाभर पाण्यात, बंदूक उंच धरून रुबाबात बुडाले. मग चितळाऐवजी सगळ्यांनी गोविंदालाच फाडून खाल्लं. पुढे कितीतरी दिवस त्याच्या डोंग्यात कोणी पाय ठेवीना.

मागच्या वर्षी धीर करून त्याच्या घरी गेलो. मी तोंड उघडणार, तोच म्हाताऱ्याने माझे हात धरले. "भाऊ, त्या दिवशी डांबर कच्चं राह्यलं. तुमी बसले असते त डुबले असते. मले माफ करा जी."

मी म्हणालो, "जाऊ दे गोविंदा. केलं माफ."