शेऱ्याचा रकाना

चिंतामणी वर्तकांनी दोन अ‍ॅप बनवली. पहिलं चहाचं, दुसरं रजेचं. चहाच्या अ‍ॅपवर आम्ही महिनाभर हसलो. रजेच्या अ‍ॅपमुळे कोंडाजीभाऊंची नोकरी गेली. चांगल्या माणसाच्या हातून कुणाचं वाईट होत नाही, असं म्हणणारा कुणी भेटला तर मी त्याला आमच्या टाइम ऑफिसात आणून बसवणार आहे.

आमची फॅक्टरी अंबरनाथच्या एमआयडीसीत. कापडाचे रंग बनवतो. मी शालन, डिस्पॅचला. वर्तक टाइम ऑफिसला, म्हणजे कोण आलं, कोण गेलं, कुणाची रजा, कुणाची पाळी, हे सगळं त्यांच्याकडे. एकोणतीस वर्षं हेच काम. ते बदलापूरहून यायचे, मी अंबरनाथचीच, पण स्टेशनपासून फॅक्टरीपर्यंत आमची रिक्षा एक. मी रोज विचारायची, "काय वर्तक, आज कुणाला गैरहजर करणार?" आणि ते रोज चष्मा पुसत म्हणायचे, "तुम्हालाच, उशीर झालाय तुम्हाला." इतकाच त्यांचा विनोद. पण तो त्यांनी कधी चुकवला नाही.

त्यांच्या टेबलावर दोन वह्या असायच्या. एक हजेरीचं मस्टर, ते शाईनं. दुसरी कच्ची वही, ती पेन्सिलनं. आमच्याकडची बरीच जुनी माणसं बारवी धरणाच्या पलीकडच्या पाड्यांवरची. घरची भातशेती. आषाढात लावणीला घरातला एकूण एक हात लागतो, आणि फॅक्टरीत तेव्हा रजा मिळणं मुश्कील. म्हणून जुने मॅनेजर विष्णुपंत यांनी एक तोंडी व्यवस्था लावून दिली होती. हिवाळ्यात शेतं रिकामी असतात, तेव्हा या माणसांनी रविवारी येऊन मशिनरीची दुरुस्ती करायची. जितके रविवार भरले तितके दिवस आषाढात गावी राहायचं. मस्टरवर त्या दिवसांत ते हजरच दिसायचे. कुणी किती रविवार भरले, हे फक्त वर्तकांच्या पेन्सिलीला ठाऊक. विष्णुपंत वारूनही आता अकरा वर्षं झाली, पण व्यवस्था चालू राहिली. कुणी कधी एक दिवस जास्त घेतला नाही, की वर्तकांनी एक दिवस कमी लिहिला नाही.

मुख्य ऑफिस ऐरोलीला. तिथून गेल्या दिवाळीनंतर फतवा निघाला की आता सगळी कंपनी एकाच सॉफ्टवेअरवर. मेसेज तिथेच, मीटिंग तिथेच, फाइली तिथेच, आणि प्रत्येक खात्यानं आपल्या कामाची छोटी छोटी अ‍ॅपसुद्धा तिथेच बनवायची. शिकवायला हिमानी मॅडम आल्या. वय तिशीच्या आत, बोलणं गोड. "कोडिंग यायची गरज नाही," त्या म्हणाल्या. "तुमचं काम तुम्हालाच सगळ्यात चांगलं कळतं." हे वाक्य वर्तकांनी वहीत उतरवून घेतलं. एकोणतीस वर्षांत त्यांना असं कुणी म्हटलं नव्हतं.

पण वर्तक शिकायला बसले त्याचं खरं कारण दुसरंच होतं. टाइम ऑफिसात पूर्वी तीन माणसं होती, आता एकटे वर्तक. निवृत्तीला दोन वर्षं. त्याआधीच घरी पाठवतील ही धास्ती. आणि बंगळूरला त्यांचा पुष्कर सॉफ्टवेअरमध्ये. बापाला फोन केला की दोन मिनिटांत दोघांचं बोलणं संपायचं. अ‍ॅपचं शिकायला लागल्यावर पहिल्यांदा तो फोन वीस मिनिटं चालला. दुसऱ्या दिवशी रिक्षात वर्तकांनी मला ते तीनदा सांगितलं.

माणूस हट्टी. जेवणाच्या सुट्टीत डबा एकीकडे आणि माउस एकीकडे. आधी यादी करायची, यादीला रकाने पाडायचे, त्यावरून फॉर्म बनवायचा, मग स्क्रीनवर बटण ठेवायचं, आणि बटण दाबल्यावर निरोप कुणाला जायचा ते ठरवायचं. पहिला प्रयोग कँटीनच्या चहाचा केला. निरोप कुणाला, या प्रश्नाला त्यांनी 'सर्व' निवडलं. मंगळवारी अकरा वाजता ऐरोलीच्या डायरेक्टरपासून आमच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांच्या मोबाइलवर आलं, 'चिं. वर्तक यांचे दोन चहा मंजूर.' महिनाभर त्यांना लोक दोन चहा म्हणूनच हाक मारत होते. ते कानांपर्यंत लाल व्हायचे, पण आतून खूश होते.

मग रजेचं अ‍ॅप. ते बनवायला हिमानी मॅडमनीच सांगितलं. एप्रिलपासून कागदी रजा बंद, मस्टर बंद. ज्याच्या नावावर अ‍ॅपमध्ये दिवस शिल्लक असतील त्यालाच रजा, नसतील तर गैरहजर.

फेब्रुवारी चालू होता. मेंटेनन्समधले फिटर कोंडाजी देसले टाइम ऑफिसच्या दारात येऊन उभे राहिले. छप्पन्न पूर्ण झालेले, निवृत्तीला चौदा महिने राहिलेले. मी तिथेच डिस्पॅचचे कागद घेऊन बसले होते.

"भाऊसाहेब, कंप्यूटरच्या मशिनीत माझं रविवार घेतलं का? सहा भरलेत म्या."

"अजून नाही घेतले."

"मंग आषाढात काय करू? घरी रखमा एकलीच हाय. पोरगा सुरतेला."

"घेतो. तुमचा एक दिवस जाणार नाही. मी आहे ना."

त्या 'मी आहे ना'साठी पुढचं सगळं झालं. कच्ची वही अ‍ॅपमध्ये चढवायची असं वर्तकांनी ठरवलं. फक्त यंदाचीच नाही, मागची सहा वर्षंही, म्हणजे हिशेब पक्का दिसेल. एकट्यानं होईना, म्हणून मी बसले. दोन शनिवार दुपारभर मी वही वाचत गेले आणि ते टाइप करत गेले. कोंडाजी देसले, रविवार, पंप दुरुस्ती. कोंडाजी देसले, लावणी, चार दिवस. पाच माणसांचं असं सगळं.

एका ठिकाणी ते थांबले. "शालनताई, शेऱ्याचा रकाना रिकामा ठेवू का?"

"रिकामा कशाला? वहीत आहे तसं लिहा. अर्धवट काम करून ठेवायचं आणि मग पुन्हा मीच बसायचं का?"

मला घरी जायची घाई होती, दुसरं काही नाही. त्यांनी लिहिलं, 'लावणीसाठी गावी. मस्टरवर हजर. रविवारी भरून दिले.' एकेका नावापुढे, सहा वर्षांचं.

"हे ऐरोलीला दिसेल का?" मी नंतर विचारलं, पण सहजच.

"दर सोमवारी नऊ वाजता रिपोर्ट जातो, सगळ्या रकान्यांसकट. मीच लावलंय तसं," ते म्हणाले. "दिसू दे की. शेरा वाचला की कुणालाही कळेल, यांनी काही फुकट घेतलेलं नाही."

आता चिडते मी त्यांच्यावर. इतकी वर्षं ज्या गोष्टीला पेन्सिलच वापरली, ती पेन्सिल कशासाठी होती याचा विसर कसा पडला या माणसाला? पण चहाच्या अ‍ॅपला हसणाऱ्या कंपनीनं रजेच्या अ‍ॅपसाठी त्यांचा फोटो नोटीस बोर्डावर लावला होता. त्यांना वाटलं, आता आपलं सगळं समजून घेणारे लोक मिळाले.

ऐरोलीतल्या लोकांनी शेरा वाचला. त्यांना त्यातले दोनच शब्द दिसले: मस्टरवर हजर.

मार्चच्या शेवटी चौकशी बसली. मीटिंग रूममध्ये ऐरोलीचे दोन साहेब, हिमानी मॅडम, वर्तक आणि ती पाच माणसं. यादी भरायला मीही बसले होते हे निघालं, म्हणून मलाही बोलावलं. हिमानी मॅडम आत जायच्या आधी वर्तकांना दाराशी भेटल्या. हळूच म्हणाल्या, "सर, अ‍ॅप तपासायला आपण खोटा डेटा भरतो ना? हा तसाच टेस्ट डेटा होता, हो ना?" मुलगी वाईट नव्हती. तिनं वाट दाखवली.

वर्तकांनी आत तेच सांगितलं. "तपासण्यासाठी भरलेली नोंद आहे, साहेब. खरी नाही." आवाज असा, की मला त्यांच्याकडे बघवेना. मला विचारलं, मीही मान डोलावली. मग एकेका कामगाराला विचारलं. चौघांनी मुंडी हलवली. सगळं निभत होतं.

"कोंडाजी देसले, तुम्ही यंदा सहा रविवार आलात असं इथे लिहिलंय. हे खोटं आहे, बरोबर?"

कोंडाजीभाऊ वर्तकांकडे बघत राहिले. वर्तक टेबलाकडे बघत होते.

"खोटं कसं, सायेब? मी आलो व्हतो. थंडीचा, पाटंचं उठून आलो व्हतो. कुलिंग टावरचा पंप म्याच उतरवला. इचारा भाऊसाहेबांना."

"म्हणजे मागची सहा वर्षं आषाढात तुम्ही गावी होतात आणि मस्टरवर हजर होतात?"

"व्हय. पन फुकट न्हाय घेतला एक बी दिस."

मला तेव्हा ओरडावंसं वाटलं, अहो गप्प बसा. पण त्यांचं काय चुकलं? आपण केलेलं काम झालंच नाही असं कुणी तोंडावर म्हणतोय आणि आपण मान हलवायची, हे त्यांना जमणारं नव्हतं. वर्तकांनी तेव्हा तोंड उघडलं, सगळं खरं सांगितलं, व्यवस्था कुणाची होती तेही. विष्णुपंत साक्षीला येणार नव्हते.

स्वतःच्या तोंडानं कबूल करणारे एकटे कोंडाजीभाऊ, म्हणून त्यांच्याकडून राजीनामा लिहून घेतला. चौघांना ताकीद. वर्तकांनाही ताकीद, पण नोकरी राहिली, कारण अ‍ॅप त्यांनाच येत होतं. नोटीस बोर्डावरचा फोटो कुणी काढला नाही. त्यांनीच एकदा हात लावला, पण काचेला कुलूप होतं. पेन्सिलची वही पुरावा म्हणून ऐरोलीला गेली. अ‍ॅपमधली यादी ऐरोलीनंच पुसून टाकली, आणि रजेसाठी बाहेरच्या कंपनीचं अ‍ॅप आलं. त्यात शेऱ्याचा रकाना नाही. रिक्षात मी तेच विचारायची, आज कुणाला गैरहजर करणार, ते नुसतं हं म्हणायचे. पुष्करचा फोन आला की बायकोकडे, कुमुदिनीताईंकडे, देतात, असं त्याच मला म्हणाल्या.

आषाढात एका रविवारी वर्तक म्हणाले, "पाड्यावर जाऊन यायचंय. तुम्ही याल का?" एकट्यानं जायची हिंमत नव्हती त्यांची. बदलापूरहून रिक्षा केली, धरणापलीकडे उतरून चिखलातून चाललो. कोंडाजीभाऊ गुडघाभर पाण्यात, हातात भाताच्या रोपांची, आव्याची पेंढी. पलीकडच्या टोकाला रखमाबाई. त्यांनी आम्हाला पाहिलं आणि पुन्हा वाकून लावायला लागल्या. दोघंच होती शेतात.

कोंडाजीभाऊ बांधावर आले, पाय धुतले, आम्हाला बसायला गोणपाट दिलं. वर्तकांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

कोंडाजीभाऊच बोलले. "भाऊसाहेब, एक सांगा. त्या मशिनीत माझं सहा रविवार हायत ना अजून?"

वर्तकांनी माझ्याकडे पाहिलं. मी शेताकडे पाहिलं.

"आहेत," ते म्हणाले. "लिहिलेले आहेत."

"मंग झालं," कोंडाजीभाऊ म्हणाले. "लिवल्यालं ऱ्हायला पायजे. नायतर लोक म्हंत्याल, फुकट खाऊन गेला." आणि ते उठून पुन्हा पाण्यात शिरले, कारण आवा उपटून ठेवलेला होता आणि त्याला वाट बघता येत नव्हती.

परतताना वर्तक बांधावरून पुढे चालले होते, मी मागे. कोंडाजीभाऊंशी ते खोटं बोलले, पण त्यावरून मी त्यांना काही म्हणाले नाही. त्या रकान्यात लिहा म्हणून मीच सांगितलं होतं.