शीमावशीची भेदरं

मावशी आधी नाकानं बोलायची. ताटात भात उरलेला दिसला, कुणी हात धुताना भिंतीवर शिंतोडे उडवले, की नाक वर चढायचं आणि मागून लांबलचक ‘शीऽऽ’ यायचं. अमरावतीला कॉलेजात शिकणारी आम्ही पोरं तिच्या खाणावळीत जेवायचो आणि पाठीमागे तिला शीमावशी म्हणायचो.

खाणावळीच्या दारावर, वरच्या मजल्याच्या गॅलरीखाली, तिनं तेलाचे रिकामे डबे तारेनं टांगले होते. त्यांतून चेरी टोमॅटोचे वेल खाली लोंबत. मावशीसाठी ती भेदरंच. मी पातूरकडचा, शेतकऱ्याचा मुलगा. एकदा मदत म्हणून डब्यात काळी माती भरायला लागलो, तर नाक चढलं.

“काळी माती वावरात शोभते बाबू. टांगली का तारच तोडते.”

तिचं माहेर शेंदूरजनाघाटचं, भाजीपाला पिकवणाऱ्यांचं. ती नारळाचा भुसा नि शेणखत मिसळायची, डब्याच्या बुडाला भोकं पाडायची. वेलाला काठी मात्र लावू द्यायची नाही. “लोंबू दे त्याले. सभावच हाय त्याचा.” बोराएवढी ती लाल फळं रोज प्रत्येकाच्या ताटात पडत. परीक्षेच्या दिवशी माझ्या ताटात मूठभर.

घरमालक वर राहायचा. तोंडात सदा खर्रा. सुपारी-तंबाखूचा तो तपकिरी रस तो कठड्यावरून खाली सोडायचा. पानांवरून ओघळत तो पिकल्या घोसावर येऊन लोंबायचा.

“भाऊ, जरा खाली पाहून थुका ना,” मावशीनं एकदा विनवलं.

“खत समजा मावशी!” तो हसला. जेवायला बसलेल्या दोघा पोरांनीही दात काढले. त्या दातांची मला थुंकीहून जास्त किळस आली.

घर त्याचं होतं. खाणावळ गेली तर मावशीचं पोट जाणार होतं. म्हणून ती पानं धूत राहिली, बरबटलेले घोस फेकत राहिली.

एका रविवारी वर पाहुणे आले होते. भर जेवणाच्या वेळी पिचकारी एका घोसावर आली. मावशीनं तो घोस तसाच कापला, ताटलीत ठेवला, बाजूला मीठ वाढलं आणि जिना चढली. आम्ही घास हातात धरून ऐकत होतो.

“घ्या भाऊ, खा.”

“हे काय आनलं?”

“भेदरं. खत तुमचंच हाय.”

पाहुण्यांतलं कुणीतरी फिसकन हसलं. मालक कडाडला, “घर खाली करा!”

“करीन. पन आदी खा.”

ती खाली आल्यावर, माफी मागून टाक, असं आम्ही सगळ्यांनी तिला सांगितलं. ती पोळी लाटत होती. “मांगली असती बाप्पा. पन मंग उद्यापासून मले घान येनंच बंद होईन. मंग तुमाले कोन्या हातानं वाढू?”

महिनाअखेर टेम्पो आला. मालक वरून वाकून म्हणाला, “एखादा डबा राहू द्या मावशी, घराले शोभा दिसते.”

“शोभेले तुमचं थोबाड हाय ना!”

तिनं सगळे डबे उतरवले. एक माझ्या हातात दिला. “कुठीबी टांगजो. पन वरत कोन रायते, ते आदी पाहून घेजो.”

आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. आता अकोल्यात नोकरी आहे, सगळ्यात वरच्या मजल्यावर खोली आहे, दारात मावशीचा डबा टांगला आहे. हिरवी जाळी बांधूनही उन्हाळ्यात दुपारी वेल माना टाकतात, मीही टाकतो. खालची खोली रिकामी झाली आहे, घे, असं मित्र सांगतात. मी घेत नाही.