मलेशियाला न गेलेला कांदा

निफाडहून निघताना आमच्या ह्यांनी बजावलं होतं, "लेकीकडं चाललीस, आराम कर. तिथं कांद्याचं नाव काढू नकोस." पण मृणालच्या बंगळूरमधल्या सर्जापूर रोडवरच्या गॅलरीतून दिसतं काय, तर समोरच्या इमारतीची गॅलरी. कांदा पिकवणाऱ्या बाईचा जीव तिथं कसा रमावा? त्यात शेजारचा बसू निपाणीचा निघाला. त्याची थोरली बहीण रत्नाक्का चिक्कबळ्ळापूरकडं दिलेली, तीही कांदाच लावते, हे कळल्यावर मी कसली थांबते! रविवारी त्याच्या गाडीत जाऊन बसले.

बंगळूर सुटता सुटेना. मग द्राक्षांचे मांडव लागले, कोरडी तळी लागली. अक्काच्या रानात पोचलो तर कांदा गुलाबी, लिंबाहून लहान.

"एवढासाच काढता?" मी विचारलं.

"एवढाच असतोय काकू. मलेशियाला जातोय. इथं कोण खात नाही ह्याला."

इथली माती आणि हवा या कांद्याला फार मानवते. म्हणून अक्कानं नाचणी सोडून हाच धरला होता. कांदा परदेशी पाठवायचा, नाचणी विकत आणायची, आणि वर चार पैसे उरायचे. पण शहरात कांदा महागला आणि सरकारनं निर्यातच बंद केली. शहर ज्याला तोंड लावत नाही, तो कांदाही त्यात अडकला. माझं डोकंच फिरलं.

"व्यापारी म्हणतोय, स्वल्प (थोडं) थांबा," अक्का म्हणाली. "हा काढून ठेवला तर टिकत नाही. रानात ठेवला आणि पाऊस आला तर कुजतोय. मोडून टाकला तर निदान नाचणी तरी पेरता येतीय."

"थांब गं. बंदी उठेल. आमच्याकडं असंच होतं."

"सरी (बरं)," ती म्हणाली. पण बघत होती आभाळाकडं.

जेवायला नाचणीचा मुद्दे (उकडीचा गोळा) आणि सारू (पातळ आमटी) होतं. बाजूला चिरलेला कांदा, मोठा आणि लाल.

"हा कुठला?"

"दुकानातला. नाशिकचा."

दारात कांद्याचं रान, आणि ताटात माझ्या मुलखातला कांदा!

"तुझाच का नाही चिरत?"

"सोलून जीव जातोय काकू. पहिल्यापासून सवयच नाही."

निघताना तिनं पिशवी भरून कांदे दिले. मृणालच्या इमारतीत मी ते वाटायला दारोदार फिरले. "क्यूट आहेत हो काकू, पण आमची कुक चिडेल," एकीनं हसून सांगितलं. बाकीच्यांनी नुसतीच मान हलवली. पिशवी जवळजवळ भरलेलीच परत आली.

काही दिवसांनी, पिशवीसकट निफाडला परतताना, बसमध्ये फोनवर बातमी वाचली. निर्यात खुली झाली होती. मी आनंदानं अक्काला फोन लावला.

ती म्हणाली, "काल ट्रॅक्टर फिरवला काकू. आभाळ लई भरून आलेलं."

मग तीच पुढं म्हणाली, "पिशवीतले राहिलेत न्हवं? तेवढे तरी खावा."

आमच्या कांद्यालाही बंदी सोसावी लागते, भाव पडतो, आम्ही रस्त्यावर बसतो. पण तो निदान कुणाच्या तरी भाजीत पडतो. अक्काच्या कांद्याला आपल्या मुलखात ताटच नव्हतं.

घरी आले तेव्हा निम्मे सडले होते. उरलेले मी आणि ह्यांनी बसून सोलले, रस्सा केला. चव फार छान होती. अक्काला हे कळवायला हवं, पण अजून धीर होत नाही.