वास येतोय का, पाव्हणं?

फोन आला तेव्हा मी आमच्या गावच्या सांडपाणी प्रकल्पाच्या कुंपणाशी उभा राहून वास घेत होतो. हे वाचून कुणाला हसू आलं तर खुशाल हसावं, एके काळी मलाही यायचं. बन्सीभाऊ नगरच्या दवाखान्यात होते आणि रोज दिवेलागणीला तिथून त्यांचा फोन यायचा. जेवलात का, बरे आहात का, असलं काही नाही. प्रश्न एकच असायचा. त्यामुळे मोबाईलवर त्यांचं नाव दिसताच पलीकडचं काही ऐकून न घेता मी म्हणालो, "नाही येत. आज अजिबात नाही." पलीकडून त्यांच्या मुलाचा, संतोषचा आवाज आला... "काका, मी बोलतोय. दादा गेले."

त्याला आता काही आठवडे झाले. दशक्रिया झाली, तेरावा झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले. मी मात्र अजून संध्याकाळी तिथं जातो. सवय म्हणा, नाहीतर घरात बसवत नाही म्हणा.

बन्सीभाऊ माझे साडू. त्यांची बायको, आमची अक्का, थोरली आणि माझी धाकटी, दोघी सख्ख्या बहिणी. साखर कारखान्यात कारकुनी करून मी निवृत्त झालो तेव्हा राहुरीकडं भाड्याच्या घरात होतो. बन्सीभाऊ म्हणाले, आमच्याकडं या, दोघी बहिणी म्हातारपणी शेजारी राहतील. पारनेरच्या वाटेवरच्या त्यांच्या गावात मी जागा घेतली आणि दोन खोल्या बांधल्या. जन्मगाव सोडून, सासुरवाडीही सोडून, साडूच्या गावात घर बांधणारा माणूस मी पहिलाच पाहिला, असं आमची ही आजही ऐकवते. तेव्हापासून अख्ख्या गावाचा मी 'पाव्हणं' झालो. रेशन कार्डावर पत्ता बदलून इतकी वर्षं झाली, पण हे पाहुणपण काही सुटलेलं नाही.

बन्सीभाऊंचं नाक गावात नावाजलेलं होतं. आमच्याकडं उन्हाळी कांदा निघाला की लोक तो जाळीच्या लांबट कांदाचाळीत भरून ठेवतात आणि चांगल्या भावाची वाट बघतात. वाट बघता बघता आत कुठंतरी एखादा कांदा सडतो, त्याचं पाणी शेजारच्याला लागतं, आणि कळेपर्यंत सगळा खण हातचा जातो. बन्सीभाऊ चाळीच्या कडेनं नुसती एक चक्कर मारायचे, मध्येच थांबायचे आणि म्हणायचे, हितं फोडा. तिथंच सडलेलं निघायचं. लोक त्यांना मुद्दाम आपल्या चाळीवर बोलावून न्यायचे. बाकीचं जग नाकानं कांदे सोलतं, आमचे साडू नाकानं कांदे निवडतात, असं मी त्यांना चिडवायचो. ते चिडायचे नाहीत. उलट खूश व्हायचे.

करोनात ते नाक गेलं. दोघंही आजारी पडलो, दोघंही वाचलो. माझी चव आणि वास दोन-चार आठवड्यांत परत आले, त्यांचे आलेच नाहीत. त्यांनी ते कुणाला सांगितलंही नाही. मला कळलं ते त्या वर्षीच्या कांद्यामुळं. मी सहज त्यांच्याकडं गेलो, तर वाड्यात पाय ठेवताच सडक्या कांद्याचा भपकारा आला. बन्सीभाऊ चाळीला टेकून आरामात चहा पीत होते. मी नाकाला रुमाल लावला तसा त्यांचा चेहरा उतरला. "लई येतोय का?" असं त्यांनी हळूच विचारलं. बायका कांदा निवडायला लावल्या, पण अर्धी चाळ उकिरड्यावर टाकावी लागली. अक्का आणि मी, एवढ्या दोघांनाच त्यांनी खरं सांगितलं. गावाला सांगितलं, यंदा बियाणंच खराब होतं.

तेव्हाच नेमका सांडपाण्याचा विषय निघाला. गावातल्या गटारांचं पाणी ओढ्यात जायचं आणि ओढ्याकाठच्या विहिरींचं पाणी काळपट झालं होतं. बन्सीभाऊ पाणीपुरवठा समितीचे अध्यक्ष. तिकडं राळेगणसिद्धीनं पाणी अडवून नाव कमावलं, आपण निदान घाण तरी अडवू, असं ते म्हणायचे. योजना साधी होती. सगळ्या गटारांचं पाणी एका पाइपानं खाली आणायचं, मोठ्या टाकीत गाळ बसू द्यायचा, मग ते खडीच्या वाफ्यांतून सोडायचं. वाफ्यांत कर्दळ लावायची. पुढं निघालेलं पाणी झाडांना, शेताला द्यायचं. घोडं पेंड खात होतं ते जागेपाशी. पाण्याला उतार लागतो, आणि उताराला गायरानाच्या कडेला हिराबाईचं घर. तिच्या चुलीच्या खिडकीतून दगड टाकला तर टाकीत पडेल इतकं जवळ.

हिराबाई शेतमजुरी करणारी, विधवा, लेकरांना एकटीनं वाढवलेली बाई. ग्रामसभेत ती शेवटी उठली. तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. "वाहती घान पुढं तरी जाती. तुमी तर ती माज्या दारात कोंडनार. नाक दाबून भाकरी थापायची का मी?" सरपंच काही तरी शासकीय बोलू लागले, तर बन्सीभाऊ उभे राहिले. म्हणाले, "हिराबाईच्या दारात वास आला, तर टाकीकडं येनाऱ्या पान्याचा कॉक मी सोता बंद करीन. मग तुंबू दे गावाची घान गावात. गावाला वास आला तर चालंल, हिराबाईला न्हाई." हिराबाईनं त्यांच्याकडं जरा वेळ बघितलं आणि म्हणाली, बन्सीभाऊ सोता वास घेनार असतील तर माजी हरकत न्हाई.

मी मागं बसून ऐकत होतो. घरी जाताना मी विचारलं, भाऊ, चारचौघांत शब्द देऊन बसलात, आता नाक कुठून आणणार? ते चालता चालता म्हणाले, "तुमी हायेत की, पाव्हणं."

पुढची वर्षं कशी गेली ते आठवलं तरी थकवा येतो. फाइल नगरला जायची, तिथं साहेब बदललेला असायचा, नवा साहेब नवा नकाशा मागायचा. निधी यायचा तेव्हा ठेकेदार मिळेना आणि ठेकेदार मिळाला तेव्हा निधी अडकलेला. शेवटी पाइप टाकला गेला, चाचणीला टँकरनं पाणी सोडलं, तर ते थोडं पुढं गेलं आणि शहाण्यासारखं माघारी आलं. उतार उलटा पडला होता. ठेकेदार म्हणाला, पाणी हळूहळू सवयीला येईल. बन्सीभाऊ त्या दिवशी एवढे हसले की त्यांना धाप लागली. दम्यासारखं काहीतरी त्यांच्या छातीत तेव्हापासूनच होतं, आम्ही लक्ष दिलं नाही... सगळा चर पुन्हा उकरला. खडी आली ती मातीसकट, ती आम्ही गावातल्या बायका-पोरांना घेऊन धुतली. माझ्यासारख्या कारकुनाला एवढं सगळं करायची काय हौस होती, हे मला विचारू नका. ते सकाळी दारात येऊन उभे राहायचे, आणि नाही म्हणायला माझ्याकडं कारण नसायचं.

प्रकल्प सुरू झाला आणि आमचं संध्याकाळचं काम लागलं. हिराबाईच्या घराकडच्या कुंपणाला एक बुटका कट्टा आहे. बन्सीभाऊंनी कांद्याचं एक रिकामं बारदान चौपदरी घडी करून त्यावर टाकलं. आम्ही दोघं त्यावर बसायचो. वाऱ्याचा झोत आला की ते विचारायचे, "वास येतोय का, पाव्हणं?" मी नाही म्हणायचो. तरी त्यांचं समाधान होत नसे. ओढ्याच्या अंगाला जाऊन बघा, खिडकीखाली उभं राहून बघा. पडसं झालं तर ते मला ओवा हुंगायला लावायचे. माझ्या नाकी नऊ आले होते. एकदा मी वैतागून म्हणालो, एवढा संशय असेल तर हिराबाईलाच विचारा ना. ते म्हणाले, ती रोज हितंच राहती, तिला सवय झाली तर कळनार न्हाई. मानूस बाहेरून येनारा पायजे, तुमच्यासारखा.

आणि मग एका संध्याकाळी वास आला. आंबूस, कुजका, घशात बसणारा. मी सांगून टाकलं. बन्सीभाऊ उठले, वरच्या चेंबरपाशी गेले आणि चाक फिरवून कॉक बंद केला. सकाळपर्यंत खालच्या आळीत गटारं तुंबली. सरपंच आले, म्हणाले, भाऊ, गटार म्हटल्यावर थोडाफार वास येणारच. पोरं तोंडावर बोलून गेली. ज्यांच्या चाळी त्यांनी वर्षानुवर्षं वाचवल्या होत्या त्यांनीसुद्धा बोलणं सोडलं. अक्का म्हणाली, म्हातारपणी गावाशी वैर कशाला घेता? त्यांनी कॉक उघडला नाही. मला घेऊन ते आळी आळीनं फिरले. ते चेंबरचं झाकण उचलायचे आणि मी वाकून हुंगायचो. या वयात हे काम करताना मी त्यांना मनातल्या मनात काय काय म्हणालो, ते इथं लिहीत नाही. एका दारामागं सापडलं. कुणीतरी घरात पनीर करायला लागलं होतं आणि नासवलेल्या दुधाचं पाणी सगळं गटारात. त्यासाठी वेगळा खड्डा घेतला, वास गेला, आणि कॉक उघडला. गावानं मात्र त्यांना लवकर माफ केलं नाही. आजारी पडले तेव्हा भेटायला आलेली माणसं थोडीच होती, हे मी विसरू शकत नाही.

दवाखान्यात शेवटच्या भेटीत नाकाला ऑक्सिजनची नळी होती. बोलायला त्रास व्हायचा. मला वाटलं आता काही घरचं सांगतील, संतोषचं, अक्काचं. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "हिराबाईला खरं सांगायचं राहिलं, पाव्हणं. मला वास येत न्हवता म्हनून." मी म्हणालो, मी सांगेन.

तेराव्यानंतर चार दिवसांनी मी कट्ट्यावर बसलो होतो. खरं तर मी ठरवून गेलो होतो, की हिराबाईला निरोप सांगायचा आणि हे येणं बंद करायचं. नवीन सरपंचांनी आदल्या दिवशीच म्हटलं होतं, पाव्हणं, आता पुरे करा, रोज कशाला तिथं जाऊन बसता? गुडघे माझेही दुखतात. आणि ज्याला सांगायचं तोच नाही तर वास घेऊन काय करायचं? हिराबाई शेळ्या बांधून कुंपणाशी आली. मी अडखळत सगळं सांगितलं.

"मला ठावं हुतं," ती म्हणाली. "त्या सालाला त्येंचा कांदा निवडाया मीच हुते की. आमी समद्या पदर लावून बसल्यालो, आन् भाऊ मदी हुबं राहून इचारत्यात, कुठं सडलंय. तवाच कळलं."

मग ग्रामसभेत हो का म्हणालीस, असं मी विचारलं. सगळं माहीत असून?

"म्हनून तर म्हनले," हिराबाई म्हणाली. "ज्याला वास येतो ना पाव्हणं, त्यो म्हनतो, मला तर न्हाई येत, तुलाच कसा येतो? ज्याला येत न्हाई, त्याला दुसऱ्याला इचारावं लागतं."

ती गेली नाही, तिथंच कुंपणाला हात लावून उभी राहिली. खडीच्या वाफ्यांतली कर्दळ चांगली डोक्याइतकी झाली आहे, लाल फुलं आली आहेत. शेजारी बन्सीभाऊंची जागा मोकळी होती. बारदानावर त्यांच्या बसण्याचा खोलगट ठसा अजून आहे, आणि मला तो झटकून सारखा करायचा धीर झालेला नाही... मला त्या क्षणी फार एकटं वाटलं. ओढ्याकडून वारा आला. मी श्वास घेतला, नेहमीसारखा. काही नव्हतं. उठावं, घरी जावं, सरपंचाला सांगावं की झालं तुमच्या मनासारखं. पण तोंडातून वेगळंच निघालं.

"हिराबाई, वास येतोय का?"

तिनं मान वर करून वारा हुंगला. "येतोय," ती म्हणाली. "थोडा हाय, पन येतोय."

मला अजूनही काही येत नव्हतं. उद्या सकाळी सरपंच दारात येतील, पोरं बोलतील, आमची ही म्हणेल, पाहुण्यानं पाहुण्यासारखं राहावं. हे सगळं मला दिसत होतं, आणि त्यातलं काहीही ऐकण्याची ताकद माझ्यात नव्हती. मी बारदानाला हात टेकून उठलो आणि कॉक बंद करायला वरच्या चेंबरकडं निघालो.