कुरळे म्हणजे कसे?

माहेरी सगळे तिला झिपरी म्हणायचे. त्याच झिपरीनं कुरळ्या केसांच्या बायकांसाठी गंगावनं विकायची असं ठरवून जिन्याखालच्या खोलीत दुकान थाटलं. व्यापाऱ्याला तिनं फोनवर सांगितलं, "कुरळे पाठवा." त्यानं तीन प्रकार पाठवले: एक लाटांसारखे, एक स्प्रिंगसारखे, एक चक्क काथ्यासारखे. आता यातले कुरळे कोणते?

"मला सगळे सारखेच दिसतात," नवरा म्हणाला. तिनं त्याला डोळ्यांनीच गप्प केलं.

पहिलं गिऱ्हाईक म्हणून आलेल्या बाईंनी तिन्ही लावून पाहिली. एकही त्यांच्या केसांत मिसळेना.

"तुमचे स्वतःचे कसे आहेत हो?"

"माझे सरळ... म्हणजे कुरळेच," झिपरी गडबडली. लहानपणी आईनं तेल थापून ते घट्ट बांधले, लग्नानंतर पार्लरवालीनं औषध लावून सरळ केले. कसे होते, तिलाच आठवेना. आरशासमोर तिनं भांग फाकवून पाहिलं. मुळाशी बोटभर काहीतरी वळवळत वाढलं होतं.

बाई वाकून बघतच राहिल्या. "अहो, हे तर हुबेहूब माझे! आणि तुम्ही मला काथ्या दाखवताय?"