दाराबाहेरच्या चपला

शेजारणीला सोबत म्हणून आज प्रसूतिगृहात गेले होते. ‘चपला बाहेर काढाव्यात’ या पाटीखाली दिवस भरत आलेली एक बाई चपला काढत होती. चपला पुरुषी होत्या, काळ्या, टाचेला झिजलेल्या. माझी नजर बघून ती लाजली. म्हणाली, “ह्यांच्या आहेत. माझ्या चपला पायात जाईनात.”

माझी धाकटी बहीण सुमनही आठव्या महिन्यात भावजींच्या चपला घालून तपासणीला जायची. आम्ही हसायचो. पहिल्या खेपेला झटके येऊन बाळ गेलं होतं, हे तिच्या फाइलच्या पहिल्याच पानावर लाल शाईत होतं. तरी सिस्टर दंडाला पट्टा न बांधताच मागच्या तारखेचा रक्तदाब खालच्या ओळीत उतरवायची. डॉक्टर फाइल बघायचे. सुजलेले पाय टेबलाखाली आणि चपला दाराबाहेर. “डोकं फार दुखतं हो,” सुमन म्हणाली, तर म्हणाले, “आराम करा.” चौथ्या दिवशी पुन्हा झटके आले. या खेपेला दोघंही गेली. फाइलमध्ये रक्तदाब शेवटपर्यंत नॉर्मल आहे.

शरीर किती साधेपणाने सांगत असतं! चप्पल होत नाही, बांगडी रुतते. ते कळायला पदवी लागत नाही, नुसतं खाली बघावं लागतं.

पाच मिनिटांत ती बाई बाहेर आली. मी विचारलं, “पट्टा बांधून बीपी बघितलं का हो?”

“नाही,” चपलांत पाय कोंबत ती म्हणाली. “पण लिहिलंय ना. नॉर्मल आहे.”

मी तिचा हात धरला आणि तिला तशीच, चपलांसकट, आत घेऊन गेले.